आठ रिंगा

१

बापूराव गावंडे परगावी गेले की रोज संध्याकाळी घरी फोन करायचे, आणि तोही घरी कोणी नसताना. ऐकणाऱ्याला हा चक्रमपणा वाटायचा. पण बापूरावांच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती. पिंपरीच्या एका कंपनीत एकोणतीस वर्षं मशीनशॉपला काढलेला माणूस, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. हे गृहस्थ चहासुद्धा वेळ लावून पीत.

त्यांचा हिशेब सरळ होता. गावात उतरलं की एसटीडी बूथ गाठायचा, मार्केट यार्डाच्या मागच्या सोसायटीतला आपला बंद फ्लॅट, त्याचा नंबर फिरवायचा आणि रिंगा मोजायच्या. आठ रिंगा गेल्या आणि कोणी उचलला नाही, की घर ठीक. चोर शिरला असता तर त्याने एक तर वायर तोडली असती, नाही तर घाबरून रिसीव्हर काढून ठेवला असता. आठ रिंगा बिनबोभाट वाजल्या म्हणजे घर रिकामं आणि शाबूत. कोणी उचललाच नाही तर बूथवाल्याच्या मीटरवरचे लाल आकडे शून्यावरच राहतात, हा वरचा फायदा. समोरच्या जयाकडे किल्ली ठेवली असती तर हे सगळं वाचलं असतं, पण किल्ली दिली की माणसं घरात डोकावतात, असं बापूरावांचं ठाम मत होतं.

सुशीलाबाई यावर काही बोलत नसत. लग्न होऊन अकोल्याहून पुण्यात आल्या त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याच्या तर्कात तोंड घालायचं नाही हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. त्यांचं म्हणणं एकच असायचं. परगावी ऊन कलायला लागलं की त्या अस्वस्थ व्हायच्या, हातातला चहा तसाच राहायचा, आणि मग त्या अकोल्याच्या बोलीत विचारायच्या, "घरी दिवा कोण लावीन?"

बापूराव म्हणायचे, महानगरपालिका लावेल. आणि आपल्याच विनोदावर हसून बूथ शोधायला निघायचे.

२

नव्व्याण्णव साली कंपनीने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा बापूरावांनी व्हीआरएस घेतली. निरोपाला कंपनीने एक टोल्यांचं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी हॉलमध्ये टांगलं आणि सवयीप्रमाणे सात मिनिटं पुढे लावून ठेवलं, म्हणजे पहिल्या पाळीची बस कधी चुकायची नाही. आता बस नव्हतीच, पण घड्याळ सात मिनिटं पुढेच राहिलं. त्याच वर्षी मुलगी उत्कर्षा सॉफ्टवेअरच्या नोकरीवर अमेरिकेला गेली. घरात दोन माणसं उरली, आणि त्यांच्यात बोलण्यासारखं फारसं काही नाही हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

बापूरावांनी यावर प्रवासाचा इलाज काढला. विजापूर झालं, हंपी झाली, मांडू झालं. फुलस्केपवर तक्ता आखायचा, गोलघुमट आठ दहा ते नऊ पन्नास, नाश्ता वीस मिनिटं. सामानाचे पाच नग, आणि प्रत्येक फलाटावर ते पाच आहेत ना हे मोठ्याने मोजायचं. सुशीलाबाई मागून चालायच्या. त्यांना किल्ले कळत नव्हते असं नाही. मांडूला एका कमानीखाली त्या कितीतरी वेळ थांबल्या होत्या, काहीतरी सांगणारही होत्या, पण तोवर वेळ संपली होती.

फेब्रुवारीत राजस्थानचा सतरा दिवसांचा तक्ता तयार झाला: उदयपूर, जोधपूर, जैसलमेर, तिथलं वाळवंटातलं राष्ट्रीय उद्यान, बिकानेर आणि परत. निघायच्या दिवशी मात्र सुशीलाबाईंनी चक्क नाही म्हटलं.

"तुम्ही जा. मी राहते. घरात कोणीतरी पाहिजे ना."

बापूरावांचा पारा चढला. दोघांचं आरक्षण होतं, रिक्षा खाली उभी होती. ते जे बोलले ते रागात बोलले, पण बोलले खरं. "तू असलीस काय, नसलीस काय, मला काही फरक पडत नाही. पण बायको असून माणूस एकटा हिंडतो म्हणून लोक हसतील."

"देवापाशी जाऊन येते," म्हणून सुशीलाबाई आत गेल्या. बापूरावांनी मेन स्विच बंद केला, गॅस पाहिला, दारात उभं राहून दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला त्या बाहेर आल्या, त्यांच्याकडे न बघता जिना उतरू लागल्या. बापूरावांनी कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि रिक्षात नग मोजले. पाच होते.

३

उदयपूर उत्तम झालं. इतकं उत्तम की बापूरावांना जरा संशयच यायला हवा होता.

सुशीलाबाई एकदाही दमल्या नाहीत. चपला लागतात म्हणाल्या नाहीत, पाणी कडू आहे म्हणाल्या नाहीत. राजवाड्याच्या पायऱ्या चढताना बापूरावच दोनदा थांबले, आणि मागे पाहिलं तर त्या एक पायरी खाली शांत उभ्या. काही विचारलं की म्हणायच्या, "तुम्ही म्हणाल तसं." बापूरावांना वाटलं, चला, अठ्ठावीस वर्षांनी का होईना, बाई वळणावर आली. हॉटेलातल्या पोऱ्याने एकच थाळी आणून ठेवली तेव्हा ते त्याच्यावर खेकसले. दुसरी थाळी आली. ती बरीचशी तशीच परत गेली, पण तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. फोन लावला, आठ रिंगा गेल्या, मीटर शून्यावर.

तिसऱ्या दिवशी जोधपूरच्या बाजारात ऊन उतरलं आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. पाकीट होतं, तिकिटं होती, नग हॉटेलात होते. बूथपाशी पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. सुशीलाबाईंनी दिव्याचं विचारलं नव्हतं. आज नाही, काल नाही, परवाही नाही.

बरंच झालं की, म्हणून त्यांनी नंबर फिरवला. सहावी रिंग अर्ध्यात तुटली. पलीकडे कोणीतरी रिसीव्हर उचलून लगेच ठेवावा, तसा आवाज आला. बूथवाल्याच्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर बापूरावांच्या घरचा नंबर होता आणि पुढे दोन सेकंद.

"क्रॉस कनेक्शन असेल," ते म्हणाले.

बाहेर बाकावर सुशीलाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. "तुम्ही म्हणाल तसं."

४

जैसलमेरला बूथ किल्ल्याच्या दरवाजाशी होता, काचेचं लहानसं खोकं. बापूरावांनी दार ओढून घेतलं. मनगटावरच्या घड्याळात सातला सात मिनिटं कमी होती.

तिसऱ्याच रिंगेला फोन उचलला गेला, आणि मीटरवरचे लाल आकडे पळायला लागले.

बापूराव हॅलो म्हणाले नाहीत. फोरमन माणूस आधी ऐकतो. पलीकडे खोली होती, एवढं कळत होतं. बंद खोलीला असतो तसा घुमारा होता. लांबून ट्रकचा हॉर्न आला, आणि हमालांची कसलीशी आरोळी. मग अगदी जवळ, रिसीव्हरच्या डोक्यावरच म्हणा ना, टोले पडायला लागले. सात. बापूरावांनी मनगट डोळ्यांपुढे धरलं. सातला सात मिनिटंच कमी होती. साऱ्या पुण्यात त्या वेळी सात वाजवणारं घड्याळ एकच होतं.

शेवटचा टोला विरला आणि बाईमाणसाचा आवाज आला, जरासा धापा टाकत.

"दिवा लावत होते, म्हणून उशीर झाला. काहो, जेवले का तुम्ही?"

बापूरावांच्या हातून रिसीव्हर सुटला. काचेपलीकडे, दहा पावलांवर, सुशीलाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. हिरवी साडी, अंबाडा, खांद्यावरून घेतलेला पदर. बापूराव त्यांच्या पाठीकडे पाहत राहिले, आणि लोंबणाऱ्या रिसीव्हरमधून तोच आवाज "अहो, अहो" करत राहिला.

५

माणूस तर्काला घट्ट धरतो, विशेषतः हातात दुसरं काही नसेल तर. दुसऱ्या दिवशी सकाळी बापूरावांनी समोरच्या जयाला फोन लावला. त्यांनी तो लावला यावरूनच जयाला काळजी वाटली. घराला कुलूप आहे का, एवढंच पाहून सांग, ते म्हणाले. जया रिसीव्हर बाजूला ठेवून गेली, परत आली.

"आहे काका, कुलूप आहे बाहेरून. पण काकू घरीच आहेत ना? मला वाटलं त्या मागच्या दाराने येतात-जातात."

त्या फ्लॅटला मागचं दार नव्हतं. बापूरावांनी विचारलं, असं का वाटलं तुला?

"संध्याकाळी खिडकीत दिवा असतो ना रोज. समईचा. आणि काल फोडणीचा वास आला."

बापूरावांनी फोन ठेवला. ते हॉटेलच्या खोलीवर आले. सुशीलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, तयार होऊन, हातात पिशवी. त्या कधी उठतात, कधी आंघोळ करतात, हे गेल्या आठवड्यात आपण पाहिलेलंच नाही, हे त्यांना तेव्हा उमगलं. मग त्याहून वाईट एक गोष्ट उमगली. पुण्यातही ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. समोरची बाई आपली बायको आहे की नाही हे ताडून बघायला त्यांच्याकडे मापच नव्हतं. तिला काय आवडतं? ती झोपेत कुठल्या कुशीवर असते? मांडूला त्या कमानीखाली ती काय सांगणार होती? एकोणतीस वर्षं त्यांनी मायक्रोमीटरने नट-बोल्ट मोजले, आणि घरच्या माणसाचं एक माप लक्षात ठेवलं नाही. त्यांना एकदम रडू आलं, पण रडण्याचीही त्यांना सवय नव्हती.

"सुशीला," त्यांनी विचारलं, "घरी दिव्याचं काय?"

सुशीलाबाईंनी वर पाहिलं, जरा गोंधळल्यासारखं. "कसला दिवा?"

६

तक्त्याप्रमाणे तिसऱ्या प्रहरी वाळवंटाचं उद्यान होतं, आणि तक्ता मोडण्याचं बळ आता बापूरावांत नव्हतं. जीप निघाली. ड्रायव्हर सगळं त्यांनाच सांगत होता, इथे हरणं, इथे कोल्हे, नशीब असलं तर माळढोक. सपाट पिवळी जमीन, खुरटी झुडपं, आणि इतकी शांतता की कानात स्वतःचंच रक्त ऐकू यावं. एका वाळूच्या टेकाडाशी जीप थांबली. ड्रायव्हर विडी ओढायला बाजूला गेला. बापूराव दुर्बीण घेऊन माळढोक शोधू लागले.

पक्षी दिसला नाही. दुर्बीण फिरवताना हिरवा रंग दिसला, म्हणून ते थांबले. सुशीलाबाई टेकाडावर बऱ्याच दूर उभ्या होत्या. एवढ्यात एवढ्या दूर त्या कशा गेल्या, असं मनात येत असतानाच बोटं सवयीने फोकसच्या चक्रीवर गेली. चित्र हळूहळू जमत आलं. आधी झुडूप, मग साडीचा काठ, त्यातला जरीचा एक उसवलेला धागासुद्धा. मग बांगड्या. मग मंगळसूत्राचे मणी, एकेक सुटा मोजता येईल इतके स्वच्छ. बापूरावांनी चक्री आणखी फिरवली. मग उलटी फिरवली. काचा रुमालाने पुसल्या आणि पुन्हा पाहिलं.

चेहरा जमत नव्हता. गळ्यापर्यंत सगळं रेखीव होतं, आणि वर, जिथे चेहरा असतो तिथे, पाण्यात विरघळलेल्या रंगासारखं काहीतरी होतं. ते त्यांच्याकडेच बघत होतं.

त्यांनी दुर्बीण खाली घेतली. सुशीलाबाई त्यांच्या शेजारी, जीपपाशी उभ्या होत्या.

"चला," त्या म्हणाल्या. "उशीर होतोय." हे वाक्य बापूरावांचं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनीच ते म्हटलं होतं, अगदी याच सुरात.

७

बिकानेरहून त्यांनी शेवटचा फोन केला. करू नये असं हजारदा ठरवलं होतं. पण दिवस मावळतीला आला की पाय आपोआप वळायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांना तो आवाज ऐकायचा होता. इतकी वर्षं कोणी त्यांना जेवलात का म्हणून विचारत होतं, आणि त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं.

पहिल्याच रिंगेला उचलला गेला.

"एकटेच गेले ना तुम्ही, म्हणून जीव लागून राहते," ती म्हणाली. मागे कुकरची शिट्टी झाली. "कधी येता?"

तू कोण आहेस, हा प्रश्न बापूरावांच्या अगदी ओठावर होता. पण तो विचारला आणि ती निघून गेली तर? त्यांच्या तोंडून निघालं, "बुधवारी. दिवेलागणीला पोचतो."

"एकटेच येणार ना? म्हणजे भात तेवढाच लावते."

बाहेर बाकावर ती दुसरी बसली होती. मीटर पळत होतं. शेवटी बापूरावांनी फोन ठेवला.

८

बुधवारी संध्याकाळी ते सोसायटीच्या दारात उतरले. मार्केट यार्डाकडून कांद्याचा आणि डिझेलचा वास येत होता. बापूरावांनी एकेक करून पाची नग वरच्या मजल्यावर नेले. मागून पायऱ्यांवर पावलं वाजत होती, संथ, एक पायरी मागे. त्यांनी मागे पाहिलं नाही.

दाराला कुलूप होतं, त्यांनीच लावलेलं. आणि दाराच्या फटीखाली पिवळा, किंचित हलणारा उजेड होता. आतून जिऱ्याच्या फोडणीचा वास आला. किल्ली हातात असूनही त्यांनी बेलचं बटण दाबलं. बेल वाजली नाही. मेन स्विच त्यांनीच बंद केला होता. मग त्यांनी दार ठोठावलं.

आत घसटत पावलं आली. उजवा पाय जरा ओढत चालणं. अरे, हे मला ठाऊक होतं की, त्यांना वाटलं. हे माप माझ्याकडे होतं.

"कोण?" आतून विचारलं.

"मी."

"बरोबर कोणी आहे का?"

बापूरावांना आपल्या मानेमागे कोणीतरी उभं असल्याचं जाणवत होतं. उदयपूरपासून आपल्यासोबत पायऱ्या चढलेलं, न दमलेलं, न जेवलेलं कोणीतरी. आणि दाराच्या आत ऊन भात होता, दिवा होता, विचारपूस होती. त्यांनी किल्ली घट्ट धरली.

"नाही," ते म्हणाले. "मी एकटाच आहे."

आत शांत झालं. आणि मागून, अगदी कानाशी, दमलेल्या, ओळखीच्या आवाजात कोणीतरी विचारलं,

"घरी दिवा कोण लावीन?"

ते गर्रकन वळले. जिन्याच्या तोंडाशी पाच नग ओळीने ठेवले होते. बाकी कोणी नव्हतं. खाली रस्त्यावर रिक्षा वळत होती.

दाराच्या फटीखालचा उजेड गेला होता. कुलूप काढायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. आत सतरा दिवसांची कोंदट हवा होती आणि फरशीवर धूळ, जिच्यावर एकही पाऊल नव्हतं. ओटा कोरडा होता. देवापाशी समई होती, तिच्यात तेलाचा थेंब नव्हता, आणि वात पांढरी होती, कधीच न पेटलेली. हॉलमध्ये घड्याळाने सात टोले दिले.

९

पुढचं सगळं रीतीने झालं. उत्कर्षा अमेरिकेहून आली, पोलिसात तक्रार झाली, बिकानेरच्या हॉटेलात चौकशी झाली. रजिस्टरात नावं दोन होती आणि अक्षर बापूरावांचं. मॅनेजरला बाई आठवत नव्हत्या, पण त्याला बापूरावही नीटसे आठवत नव्हते. जयाने आपली हकिगत सांगितली, आणि ती कुठे लिहायची हे कुणाला कळलं नाही. उत्कर्षाची रजा संपली. जाताना तिने बाबांना जवळ घेतलं आणि एकदाच विचारलं, "बाबा, आई निघाली होती ना तुमच्याबरोबर?"

बापूरावांनी तक्ते फाडून टाकले. आता ते कुठे जात नाहीत. घरात कोणीतरी पाहिजे. तिन्हीसांजेला ते हातपाय धुतात, समईत तेल घालतात, वात सारखी करतात. आणि मनगटावरच्या घड्याळात सातला सात मिनिटं कमी असताना, वरून टोले पडत असताना, फोन वाजतो. रोज. आठ रिंगा होतात आणि बंद होतो.

पहिले काही महिने त्यांनी तो उचलला नाही. हा फोन कोण करतं आणि कशासाठी, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आठ रिंगा गेल्या, कोणी उचलला नाही, म्हणजे घर ठीक. पलीकडचं माणूस निश्चिंत मनाने पुढच्या गावी जाईल. ते रिंगा मोजत बसायचे आणि त्यांना वाटायचं, निदान कुठेतरी ती आहे.

मग एके दिवशी त्यांना राहवलं नाही. सहाव्या रिंगेला त्यांनी रिसीव्हर उचलला आणि घाबरून लगेच ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या रिंगेला उचलला आणि कानाशी धरला.

पलीकडे वारा होता, उघड्या मैदानावरचा. काचेचं दार हलल्याचा आवाज होता. मग एक पुरुष बोलला, फोनमध्ये नव्हे, मागे वळून कोणाला तरी. तो आवाज बापूरावांनी याआधी एकदाच असा बाहेरून ऐकला होता, कंपनीच्या निरोप समारंभाच्या टेपवर.

"अगं, कुणीतरी उचलला."

आणि दूर, बाकावरून यावा तसा, सुशीलाबाईंचा आवाज आला. "विचारा बरं, दिवा लावला का."

"क्रॉस कनेक्शन असेल," तो पुरुष म्हणाला. "चल, उशीर होतोय."

दिवा लावलेला होता. बापूरावांनी तसं सांगितलं, दोनदा, मोठ्याने, पण तोवर पलीकडून फोन ठेवला होता.